वृक्षस्थ पारध्याचा नेम : अमेरिकेतील धनुर्मृगयेच्या इतिहासाचे एक प्रकरण

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दर वर्षी शरद ऋतूचा आरंभ झाला म्हणजे लाखो पारधी धनुष्य घेऊन रानात जातात आणि पहाट फुटण्यापूर्वीच एखाद्या ओक वृक्षाच्या बुंध्याला बांधलेल्या मचाणावर चढून बसतात. मचाण भूमीपासून साधारणतः पंधरा ते पंचवीस फूट उंच असते. खालून पांढऱ्या शेपटीचे हरिण केव्हा तरी जाईल या अपेक्षेने तासन् तास निश्चल बसावयाचे आणि ते आले म्हणजे बहुधा एकच बाण सोडावयाचा, असा हा प्रकार आहे. नवशिक्याला या विद्येचे जे पहिले सूत्र सांगण्यात येते ते आटोपशीर आहे : झाडावरून मारताना नेम खाली धरावा. सूत्र खोटे नाही. परंतु ते का खरे आहे असे विचारले असता निरनिराळी उत्तरे मिळतात आणि त्यांतील जे उत्तर वारंवार दिले जाते तेच सर्वांत कमी महत्त्वाचे ठरते. प्रस्तुत लेखात या सूत्राचा माग काढावयाचा आहे. हा इतिहास केवळ साधनांचा नाही. आधुनिक अमेरिकी धनुर्मृगयेला तिचा पहिला धडा ज्याच्याकडून मिळाला तो पुरुष एका नामशेष करण्यात आलेल्या समाजाचा अखेरचा माणूस होता आणि त्याची बोली बोलणारे दुसरे कोणी त्या वेळी उरले नव्हते.

प्रथम शब्दांकडे पाहणे उपयुक्त होईल. नेम धरणे या अर्थाचा इंग्रजीतील ‘एम’ हा शब्द फ्रेंचमार्गे लॅटिन भाषेतून आला असून त्याच्या मुळाशी मोल करणे, अटकळ बांधणे हा अर्थ आहे. ग्रीक भाषेत लक्ष्याला ‘स्टोखोस’ म्हणत. त्यापासून नेम धरणे आणि तर्क करणे या दोन्ही अर्थांचे एकच क्रियापद झाले आणि आजच्या संख्याशास्त्रातील ‘स्टोकॅस्टिक’ ही संज्ञा त्याच कुळातली. म्हणजे या भाषांनी नेम धरण्याच्या कृतीत अंदाज हा मुख्य मानला. मराठीने निराळी वाट धरलेली दिसते. ‘नेम’ हा ‘नियम’ या शब्दाचा तद्भव असून नेमधर्म, नेमका, नेमणे, नेमस्त ही सारी त्याची भावंडे होत. येथे भर अटकळीवर नसून संयमावर, बांधून घेण्यावर आहे. ‘वेध’ हा शब्द व्यध् म्हणजे भोसकणे या धातूपासून आलेला असून तो कृतीचा शेवट दाखवितो. अंदाज, नेम आणि वेध या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. झाडावरच्या धनुर्धराकडून जी चूक होते ती या तिहींपैकी नेमकी कोणत्या ठिकाणी होते, हाच येथील मुख्य प्रश्न आहे.

सावजाच्या नावाविषयीही थोडे सांगितले पाहिजे. हरिणाला इंग्रजीत ‘डीअर’ म्हणतात; परंतु जुन्या इंग्रजीत या शब्दाने कोणत्याही पशूचा बोध होई आणि त्याचा सगोत्र जर्मन शब्द आजही पशुमात्राला लावला जातो. संस्कृतातील ‘मृग’ या शब्दाचा प्रवास हुबेहूब असाच आहे. मृगेंद्र म्हणजे हरिणांचा राजा नव्हे, तर वन्य पशूंचा. वानराला शाखामृग म्हणतात ते त्याच जुन्या अर्थाने. ज्या पशूची पारध सर्वांत अधिक होते त्याने जातिवाचक शब्द स्वतःकडे ओढून घ्यावा, हे एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन ठिकाणी घडले आहे. ‘पारध’ या शब्दाची कथा याहून बोलकी आहे. प्राकृतात ‘पारद्धि’ असे रूप आढळते आणि संस्कृतात ‘पापर्द्धि’, म्हणजे पापाची ऋद्धी, असे. प्राकृत शब्दावर मागाहून चढविलेला हा संस्कृत साज असण्याचा संभव अधिक आहे. तथापि तो साज ज्या पंडिताने चढविला त्याच्या मनातील टोचणी त्यातून लपत नाही.

भारतीय ग्रंथकारांनी मृगयेची बाजू मांडताना नेमाचेच प्रमाण पुढे केले आहे, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. कौटिल्याने राजाच्या व्यसनांची तुलना करताना मृगयेचे जे गुण सांगितले त्यांत व्यायामाबरोबर स्थिर आणि चल शरीरांवर नेम साधण्याचा सराव हा एक आहे. कालिदासाच्या शाकुंतलात दुसऱ्या अंकातील सेनापती चल लक्ष्यावर बाण लागणे हा धनुर्धराचा उत्कर्ष मानतो आणि रघुवंशाच्या नवव्या सर्गातही मृगयेने चल लक्ष्याचा परिचय होतो असे म्हटले आहे. या परंपरेत धावणारे हरिण हीच कसोटी. अमेरिकेतील वृक्षस्थ पारध्याचा दंडक नेमका याच्या उलट आहे : धावत्या हरिणावर बाण सोडणे हे त्याच्या दृष्टीने कौशल्य नसून बेजबाबदारपणा होय. एकीकडे राजाचे कौशल्य मोजावयाचे आहे, तर दुसरीकडे जनावराचे मरण. हा पालट कसा झाला ते पाहण्यासाठी कॅलिफोर्नियात जावे लागते.

२९ ऑगस्ट १९११ या दिवशी उत्तर कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावाजवळ एका खाटिकखान्याच्या आवारात एक उपाशी, थकलेला मनुष्य सापडला. तो याही जमातीचा होता. इ. स. १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोने सापडल्यानंतर तेथे गोऱ्या वसाहतवाल्यांची झुंबड उडाली आणि पुढील वीस-पंचवीस वर्षांत या लहानशा जमातीची कत्तलींवर कत्तली करून वाताहत करण्यात आली. उरलेली मूठभर माणसे डीअर क्रीक आणि मिल क्रीक या ओढ्यांच्या दुर्गम खोऱ्यांत चाळीस वर्षे लपून राहिली. १९०८ साली जमीनमोजणी करणारी एक टोळी त्यांच्या वस्तीवर अवचित जाऊन थडकली आणि त्यांची चीजवस्तू घेऊन गेली. ज्यांचे पोट धनुष्यावर चालते त्यांची हत्यारे आणि भांडी उचलून नेणे म्हणजे काय, हे निराळे सांगावयास नको. त्यानंतर तीन वर्षांनी जो ओरोव्हिलला आला तो एकटाच होता.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मानववंशशास्त्र विभागातील आल्फ्रेड क्रोबर आणि टी. टी. वॉटरमन यांनी त्याला सॅन फ्रान्सिस्को येथील विद्यापीठाच्या संग्रहालयात आणले. स्वतःचे नाव सांगणे त्याच्या समाजाच्या शिष्टाचारात बसत नव्हते, म्हणून क्रोबर यांनी त्याला ‘इशी’ म्हणावयास आरंभ केला. याना भाषेत त्याचा अर्थ केवळ ‘पुरुष’ असा आहे. त्याचे खरे नाव अखेरपर्यंत कोणाला कळले नाही. याना भाषा भाषाशास्त्रज्ञांना परिचित आहे ती एडवर्ड सपीर यांच्यामुळे. पुरुषांनी पुरुषांशी बोलताना वापरावयाची रूपे आणि स्त्रियांनी किंवा स्त्रियांशी वापरावयाची रूपे यांचा इतका पद्धतशीर भेद क्वचितच कोठे आढळतो. सपीर यांनी १९१५ च्या उन्हाळ्यात इशीबरोबर बसून त्याच्या बोलीच्या नोंदी केल्या. त्या वेळी क्षयाने त्याचे शरीर पोखरण्यास सुरुवात केली होती.

इशीकडून धनुर्विद्या घेणारा मात्र भाषाशास्त्रज्ञ नव्हता. सॅक्स्टन पोप हे संग्रहालयाशेजारच्या वैद्यकीय विद्यालयातील शल्यचिकित्सक. इशीवर उपचार करता करता ते त्याचे मित्र झाले आणि १९१२ पासून त्याच्याजवळ धनुष्य बनविण्याचे व चालविण्याचे धडे घेऊ लागले. पोप यांचा ‘याही आर्चरी’ हा प्रबंध १९१८ मध्ये विद्यापीठाच्या मालेत प्रसिद्ध झाला. वैद्याच्या नजरेने केलेले ते वर्णन आजही वाचनीय आहे. इशी धनुष्याला ‘मन्नी’ आणि बाणाला ‘सावा’ म्हणे, अशी नोंद पोप करतात. धनुष्य डोंगराळ जुनिपर वृक्षाच्या लाकडाचे, आखूड व चपटे असून त्याच्या पाठीवर हरिणाच्या स्नायूंचे तंतू चिकटविलेले असत. त्याची ओढ सुमारे चाळीस ते पंचेचाळीस पौंडांची असे, म्हणजे आजच्या मानाने माफकच. दोरी तो अंगठ्याने ओढी, तीन बोटांनी नव्हे. आणि धनुष्य उभे न धरता तिरपे आडवे धरी, त्यामुळे दबा धरून उकिडवे बसल्या बसल्या त्याला बाण सोडता येई. हीच त्याची आवडती बैठक होती.

या वर्णनातील एक बारकावा येथे विशेष महत्त्वाचा आहे. क्रीडामंडळाच्या रंगीत कड्यांच्या मोठ्या लक्ष्यावर, चाळीस आणि साठ यार्डांवरून, इशीचा नेम सामान्य प्रतीचा ठरला. इतके मोठे आणि भडक लक्ष्य त्याचे चित्त विचलित करी. उलट दहा-वीस यार्डांवर खार किंवा लाव्यासारखा पक्षी असला म्हणजे त्याचा हात चुकत नसे. त्याच्या विद्येत दूरवर मारण्याला महत्त्व नव्हते. जवळ जाण्याला होते. शिकारीपूर्वी तो मासे आणि तंबाखू वर्ज्य करी, पहाटे स्नान करी, अंगाचा वास जाईल असे उपाय करी. हरिणांच्या वाटेजवळ दगडांचा आडोसा करून वाट पाही, पाडसाच्या आवाजाची नक्कल करून हरिणीला बोलावी, क्वचित हरिणाचे पोकळ मुंडके डोक्यावर घालून गवतातून वर डोकावे. एवढे सारे झाल्यावर बाण सोडणे ही अखेरची आणि सर्वांत सोपी पायरी उरे. मराठी ‘नेम’ शब्दाच्या मूळ अर्थाशी हे किती जुळते, ते वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

पोप यांनी हा धडा अर्धाच घेतला असे म्हटल्यास अन्याय होणार नाही. त्यांनी इशीचे आडवे धनुष्य आणि अंगठ्याची ओढ टाकून दिली आणि इंग्लंडचे उंच यू-धनुष्य स्वीकारले. वस्तुसंग्रहालयातील धनुष्यांच्या पल्ल्यांची तुलना करून १९२३ मध्ये त्यांनी जो अभ्यास प्रसिद्ध केला त्यातही पल्ला आणि जोर यांचेच मोजमाप आहे. त्याच वर्षी त्यांचे धनुर्मृगयेवरील पुस्तक निघाले आणि ते वाचून अनेक अमेरिकी तरुण या छंदाकडे वळले. त्यांचे सहकारी आर्थर यंग यांचे नाव पुढे त्यांच्या नावाशी कायमचे जोडले गेले. अर्थात अमेरिकेत धनुष्याने शिकार करणारे गोरे लोक पोप यांच्या आधी नव्हतेच असे नाही. मॉरिस टॉमसन यांचे ‘द विचरी ऑफ आर्चरी’ हे पुस्तक १८७८ मधले असून त्याच्या प्रभावाने पुढच्याच वर्षी राष्ट्रीय धनुर्विद्या संघ स्थापन झाला होता. परंतु टॉमसन यांचे लेखन रमणीय आहे, शास्त्रीय नाही.

नेम धरण्याच्या पद्धतीत त्या वेळी दोन मते होती. पहिले होरेस फोर्ड यांचे. इंग्लंडच्या या धनुर्धराने १८५७ साली दुहेरी यॉर्क फेरीत १२५१ गुण मिळवून जो उच्चांक केला तो कित्येक दशके अबाधित राहिला. त्याआधीच्या वर्षी निघालेल्या पुस्तकात त्यांनी सांगितले की, बाण कानाकडे न ओढता बरोबर डोळ्याखाली हनुवटीपाशी आणावा आणि बाणाचे टोक ठरावीक बिंदूवर टेकलेले दिसेल असे करावे. तो बिंदू लक्ष्याच्या खाली गवतात असेल किंवा लक्ष्याच्या वरही असेल. अंतर माहीत असेल तर ही रीत अत्यंत बिनचूक आहे. पण अंतर माहीत असेल तरच. दुसरे मत त्याहून पुष्कळ जुने, १५४५ साली ‘टॉक्सोफिलस’ लिहिणाऱ्या रॉजर अॅस्कम यांचे : दृष्टी लक्ष्यावरून हलवू नये, बाणाकडे पाहू नये. रानात हरिण अठरा यार्डांवर आहे की चोवीस, हे सांगणारी पाटी नसते. म्हणून शिकारी स्वाभाविकच दुसऱ्या मताकडे झुकले. हॉवर्ड हिल या प्रख्यात धनुर्धराने १९५३ च्या आपल्या पुस्तकात दोहोंचा मेळ घातला : दृष्टीचा मुख्य रोख लक्ष्यावर, आणि बाणाचे टोक मात्र नजरेच्या कडेला जाणवत राहिलेले.

पांढऱ्या शेपटीचे हरिण पूर्व अमेरिकेतील दाट रानात राहते. त्याचे नाक तीक्ष्ण आणि कान सदैव हलते. अशा प्राण्याच्या वीस यार्डांच्या आत जमिनीवरून जाणे इशीला शक्य होते. आठवड्यातून एक दिवस रानात येणाऱ्या कारखान्यातील कामगाराला ते साधणे कठीण. झाड हा त्यावरचा तोडगा ठरला. वर बसलेल्या माणसाचा वास पुष्कळदा डोक्यावरून निघून जातो आणि धनुष्य ओढण्याची हालचाल हरिणाच्या नेहमीच्या दृष्टिरेषेत येत नाही. आपल्याकडे जोंधळ्याच्या शेतात गोफण घेऊन माळ्यावर उभे राहणाऱ्या राखणदाराला उंचीचा उपयोग दूरवर पाहण्यासाठी होतो. येथे तो दिसू न देण्यासाठी आहे. विस्कॉन्सिन संस्थानाने १९३४ मध्ये हरिणांसाठी केवळ धनुष्यबाणाचा हंगाम प्रथम उघडला. विख्यात निसर्गचिंतक आल्डो लिओपोल्ड हे त्याच संस्थानात अध्यापक होते आणि स्वतः धनुष्ये तयार करीत. त्यानंतर एकेक संस्थान या मार्गाने गेले आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सहज वाहून नेता येतील अशी मचाणे बाजारात आल्यावर झाडावर बसणे हीच नेहमीची रीत होऊन बसली.

आता मूळ सूत्राकडे वळता येईल. ‘नेम खाली धर’ याचे जे कारण बहुधा सांगितले जाते ते गुरुत्वाकर्षणाचे आहे. बाण उतरत्या दिशेने जात असता त्याला खाली ओढणारे बल त्याच्या मार्गाशी काटकोनात पूर्णपणे लागू होत नाही, त्याचा काही अंशच होतो. परिणामी बाणाला जेवढी चढ द्यावी लागते ती डोळ्यापासून हरिणापर्यंतच्या तिरप्या अंतरावर नव्हे, तर झाडाच्या बुंध्यापासून हरिणापर्यंतच्या आडव्या अंतरावर ठरते. हा नियम बरोबर आहे. प्रश्न एवढाच की झाडावर त्याने फरक किती पडतो?

समजा, पारध्याचा डोळा हरिणाच्या छातीपेक्षा साडेसहा मीटर उंच आहे आणि हरिण बुंध्यापासून अठरा मीटरांवर उभे आहे. तिरपे अंतर एकोणीस मीटरांहून किंचित अधिक भरते, म्हणजे आडव्या अंतराहून फार तर सव्वा मीटर जास्त. जुन्या पद्धतीच्या धनुष्यातून बाण सेकंदाला पन्नास मीटर वेगाने निघतो असे धरले, तर या गफलतीमुळे तो सुमारे चार सेंटिमीटर वर लागेल. आधुनिक कप्पीच्या धनुष्याचा वेग पंचाऐंशी मीटर धरल्यास फरक दीड सेंटिमीटर होतो. हरिणाच्या हृदय-फुप्फुसांचे क्षेत्र साधारणतः एक वीत रुंदीचे असते. त्याच्या मानाने ही चूक क्षुल्लक आहे. डोंगरउतारावर, चाळीस मीटरांवरून पंचेचाळीस अंशांच्या कोनात मारणाऱ्या शिकाऱ्याची गोष्ट निराळी. आडवे अंतर तेथे अठ्ठावीस मीटरच असते आणि तिरप्या अंतरावर विसंबणाऱ्याचा पन्नास मीटर वेगाचा बाण नव्वद सेंटिमीटर वरून निघून जातो. पश्चिमेकडील पर्वतांत खरा असलेला नियम पूर्वेकडच्या सपाट रानातील मचाणावर जसाच्या तसा नेला गेला, असा तर्क करण्यास येथे जागा आहे.

तरीही मचाणावरून बाण वर जातात, हा अनुभव सार्वत्रिक आहे. मग ते का?

एक कारण पारध्याच्या स्वतःच्या शरीरात आहे. खाली पाहताना तो धनुष्याचा हात तेवढा खाली आणतो, धड ताठच ठेवतो. असे केल्याने हात आणि छाती यांमधील कोन मोडतो, दोरीची ओढ आखडते, आणि ओढणारी मुष्टी गालापाशी ज्या जागी टेकावयाची तेथे टेकत नाही. डोळा आणि बाण यांचे परस्परस्थान बदलले की जमिनीवर महिनोन् महिने केलेला सराव वाया जातो. म्हणून जाणते शिक्षक सांगतात की प्रथम समोर आडवी ओढ पुरी करावी आणि मग हात न हलविता कमरेतून वाकावे. हा उपदेश शब्दशः नेमाचा, म्हणजे नियमाचा आहे; अंदाजाशी त्याचा संबंध नाही.

दुसरे कारण हरिणाच्या शरीरात आहे. दोरीचा टणत्कार बाणाच्या कितीतरी आधी हरिणापर्यंत पोहोचतो. पन्नास मीटर वेगाचा बाण एकोणीस मीटर जाण्यास सुमारे अडतीस शतांश सेकंद घेतो. ध्वनी तेवढे अंतर सहा शतांश सेकंदांच्या आत कापतो. हरिणाला सेकंदाचा जवळजवळ एकतृतीयांश भाग मिळतो. दचकलेले हरिण उडी घेण्यापूर्वी पाय दुमडून अंग खाली दाबते आणि बाण त्याच्या पाठीवरून जातो. येथे नेम चुकलेला नसतो. लक्ष्यच जागेवरून सरकलेले असते.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि खरे पाहता ते ‘खाली’ या शब्दात मावतच नाही. जमिनीवरून आडव्या उभ्या हरिणाकडे पाहताना पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात जे स्थान दिसते तेथे बाण गेला की दोन्ही फुप्फुसे वेधली जातात. वरून पाहताना पाठीचा कणा आणि खांद्याचे हाड पुढे येतात आणि छातीची पोकळी अरुंद दिसू लागते. बाण जेथे शिरतो ते स्थान आणि जेथून बाहेर पडतो ते स्थान यांत मोठी तफावत पडते. हरिण अगदी बुंध्याशी असेल तर बाण एकाच फुप्फुसाला छेदून खाली उतरतो. म्हणून जाणता वृक्षस्थ पारधी हरिणाच्या कातडीवरील बिंदूकडे पाहत नाही. बाण पलीकडच्या बाजूस, पुढच्या पायाजवळ, कोठून बाहेर पडावा हे तो आधी ठरवितो आणि तेथून मागे येणारी रेषा अलीकडच्या बाजूला जेथे भिडेल तेथे नेम धरतो. दिसणाऱ्या ठिकाणावर नव्हे, न दिसणाऱ्या ठिकाणावर. ‘वेध’ या शब्दातील आरपार जाण्याचा अर्थ येथे पुरेपूर लागू पडतो.

बंदुकीची गोळी आघाताने पाडते. बाण रक्तस्रावाने मारतो. बाणाचे पाते धारदार असून दोन्ही फुप्फुसांतून गेले तर हरिण काही सेकंदांत कोसळते. एकाच फुप्फुसाला किंवा पोटाला लागले तर ते कित्येक तास, कधी कधी दिवसही, रानात फरफटत राहते. धनुर्मृगयेला हंगाम द्यावा की नाही, या वादात विरोधकांचा मुख्य आक्षेप जखमी होऊन निसटणाऱ्या जनावरांविषयी होता आणि त्याला खोटे म्हणता येत नव्हते. १९६१ मध्ये ग्लेन सेंट चार्ल्स यांच्या पुढाकाराने ‘पोप अँड यंग क्लब’ स्थापन झाला तो धनुष्य हे शिकारीस समर्थ हत्यार आहे हे नोंदींनी सिद्ध करण्यासाठी. परंतु मोठ्या शिंगांच्या नोंदी ठेवल्याने जखमी हरिणांचा प्रश्न सुटतो असे नाही. ती उणीव त्या नोंदवह्यांत आजही जाणवते.

साधनांनी नेमाचा प्रश्न पुन्हा फोर्डच्या दाराशी आणून ठेवला. मिसुरीचे होलेस विल्बर अॅलन यांना कप्प्यांच्या धनुष्याचे एकस्व डिसेंबर १९६९ मध्ये मिळाले. पूर्ण ओढल्यावर या धनुष्याचा भार बराच उतरतो, त्यामुळे हात न थरथरता नेम धरून ठेवता येतो. त्यावर निरनिराळ्या अंतरांच्या खुणेच्या सुया बसविण्यात आल्या : वीस यार्डांची एक, तीसची दुसरी. सुया आल्या तसे अंतर अचूक कळणे अपरिहार्य झाले, आणि मग ते मोजणारी लेसरची दुर्बीण आली. उतरत्या कोनाचा हिशेब करून आडवे अंतर सांगणारी दुर्बीणही आता मिळते. वर दाखविल्याप्रमाणे मचाणावर ती जी चूक दुरुस्त करते ती चार सेंटिमीटरांची आणि नव्या धनुष्यात त्याहूनही कमी. ताठ राहिलेली कंबर, दचकणारे हरिण आणि पलीकडे बाहेर पडावयाचे स्थान, यांतील काहीही तिला दिसत नाही. तोंडी परंपरेने तीन वेगळ्या कारणांना ‘खाली’ या एकाच शब्दात कोंबले, आणि यंत्राने त्यांतले एकही न उचलता चौथेच उचलले.

झाडाने मात्र एक गोष्ट केली आहे, आणि ती बहुधा कोणाच्या मनात नसताना. यू-धनुष्याच्या मोहाने पोप ज्या अंतरांकडे वळले होते तेथून त्याने शिकाऱ्याला पुन्हा दहा-वीस यार्डांवर आणून बसविले. इशीचे अंतर तेच होते. आडोशाला बसणे, वाऱ्याची दिशा पाहणे, वासाची काळजी घेणे आणि उभ्या हरिणावर एकच बाण सोडणे, हे सारे त्याच्या दगडी आडोशातून नकळत मचाणावर चढले आहे. १९९० नंतरच्या दशकात बर्कलेचे पुरातत्त्वज्ञ स्टीव्हन शॅक्ली यांनी इशीने घडविलेली बाणाग्रे तपासली, तेव्हा त्यांची घडण याहींपेक्षा शेजारच्या जमातींच्या घडणीशी अधिक जुळते असे त्यांना आढळले. म्हणजे ज्याला अखेरचा शुद्ध याही म्हणून गौरविण्यात आले त्याच्या विद्येतही शेजाऱ्यांचे हात मिसळलेले असावेत.

इशी २५ मार्च १९१६ रोजी क्षयाने निवर्तला. क्रोबर त्या वेळी दूर होते. शवविच्छेदन करू नये असे त्यांनी पत्राने निक्षून कळविले होते, तरी ते करण्यात आले आणि मेंदू काढून ठेवण्यात आला. दहनाच्या वेळी त्याच्याबरोबर त्याचे धनुष्य, पाच बाण आणि एक टोपलीभर ओकफळांचे पीठ ठेवले होते. १९१७ मध्ये तो मेंदू वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे रवाना झाला आणि तेथे ऐंशीहून अधिक वर्षे राहिला. २००० साली तो याना वंशजांचा समावेश असलेल्या रेडिंग रँचेरिया आणि पिट रिव्हर या जमातींच्या स्वाधीन करण्यात आला. त्यांनी तो राखेसह त्याच्या मूळ प्रदेशात, डीअर क्रीकच्या परिसरात, जाहीर न केलेल्या ठिकाणी पुरला.